होकार कोणी मागितला? ‘अफर्मेटिव्ह’ला मराठी शब्द

मानसिक आरोग्याच्या कामात असलेल्या एका ताईंचा प्रश्न: “पारलिंगी आणि लिंगवैविध्य असलेल्या व्यक्तींसाठी आम्ही ‘जेंडर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंग’ सुरू करतोय. पत्रकावर ‘लिंगभाव-होकारार्थी समुपदेशन’ असं छापायचं ठरतंय. एक सहकारी म्हणतात ‘सकारात्मक’ घाला, दुसरे ‘पुष्टीकारक’वर अडून बसलेत. बरोबर काय?” (वाचकांसाठी: लिंगभाव म्हणजे आपण पुरुष, बाई की आणखी कोणी ही आतली जाण. जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी ती जुळत नाही, ती व्यक्ती पारलिंगी.)

ताई, तिन्ही नकोत. पण आधी ‘समुपदेशन’ या शब्दाचं काय झालंय ते सांगू द्या, कारण तो रोज कानावर आदळतो आणि रोज डोकं उठतं. “मुलीचं समुपदेशन करून तिला पालकांच्या ताब्यात दिलं.” “समुपदेशन केल्यावर त्याने हट्ट सोडला.” याला समज देणं म्हणतात, दटावणी म्हणतात. समुपदेशन म्हणत नाहीत. दोष थोडा शब्दाचाही आहे. सम् आणि उप बाजूला केले की उरतो ‘दिश्’, म्हणजे बोट दाखवणं. आणि मधला ‘उपदेश’ तर न शोधताही ऐकू येतो. घरातल्या मुलाने “मी मुलगा नाही, मुलगी आहे” असं सांगितलं की “समुपदेशकाकडे नेऊ या” याचा घरच्यांच्या मनातला अर्थ बहुतेकदा एकच असतो: कोणीतरी याला ताळ्यावर आणा. शब्द आता रूढ झालाय, तो काही जात नाही. म्हणूनच त्याच्या आधी काय लावायचं हा तुमचा प्रश्न मोलाचा आहे.

‘सकारात्मक’ एका वाक्यात निकालात काढू: तो ‘पॉझिटिव्ह’चा शब्द आहे, ‘अफर्मेटिव्ह’चा नाही, आणि दुःखी माणसाला ‘सकारात्मक राहा’ असं सांगण्याइतकं निरुपयोगी दुसरं काही नाही.

‘होकारार्थी’ची गोष्ट वेगळी. व्याकरणाच्या तासाला होकारार्थी-नकारार्थी वाक्यं शिकताना तो बरोबरच होता. पण होकार कोण देतो? ज्याला नकार देण्याचा अधिकार असतो तो. मुलीकडच्यांचा होकार आला, साहेबांचा होकार आला. होकार मागावा लागतो, त्यासाठी कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. तुमच्याकडे येणारी व्यक्ती तुमच्या दारात होकार मागायला उभी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातल्या निकालात (न्या. राधाकृष्णन आणि न्या. सीकरी) हेच स्वच्छ सांगितलं: आपला लिंगभाव कोणता हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं अनैतिक आणि बेकायदा आहे. मग समुपदेशकाच्या होकाराला जागा उरतेच कुठे?

खरी मौज पुढे आहे. ‘अफर्म’ मूळ लॅटिन. ‘अफिर्मारे’, त्यात ‘फिर्मुस’ म्हणजे घट्ट, पक्कं. आपण रोज म्हणतो ना, “तिकीट कन्फर्म झालं”? ती याचीच सख्खी बहीण. व्यापारी ‘फर्म’ही याच घरातली, कारण ‘फिर्मा’ म्हणजे करार पक्का करणारी सही. आता हा ‘फिर्मुस’ आला कुठून? लॅटिनमध्ये शब्दारंभीचा जुना ‘ध’ ‘फ’ झाला. संस्कृत ‘धूम’ तिकडे ‘फूमुस’. परफ्यूममधला फ्यूम म्हणजे आपला धूरच. तोच नियम इथे लावा. ‘फिर्मुस’च्या मुळाशी जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात ‘धृ’ म्हणून बसलाय. धृ म्हणजे धरणं, तोलणं, पडू न देणं. धरण, धरणी, धारणा, आधार, इतकंच काय ‘धर्म’सुद्धा याच कुळातला. म्हणजे ‘अफर्म’ आणि ‘आधार’ हे एकाच आजीची नातवंडं आहेत. त्यात ‘हो’ म्हणणं कुठेही नाही. त्यात धरणं आहे.

‘धीर’ही त्यात धरायचा का, यावर वाद आहे. जुने पंडित ‘धियं राति’ अशी फोड करून धीर म्हणजे बुद्धिमान असं सांगतात, आणि संस्कृतचे काही अभ्यासक आजही मराठी ‘धीर’ त्याच खुंटीला टांगतात. मला ते साफ अमान्य आहे. बुद्धिमान या अर्थाचा ‘धीर’ वेगळा आणि स्थिर या अर्थाचा वेगळा. मराठीने दुसरा घेतला. “धीर दे” म्हणताना आपण बुद्धी द्यायला सांगत नाही. झुकलेल्या भिंतीला जो टेकू लावतात त्याला जुन्या मराठीत ‘धिरा’ म्हणत. भिंतीला धिरा देणाऱ्याला बुद्धीशी काय देणंघेणं? संस्कृत ग्रंथ चाळून मराठीचा अर्थ ठरवणाऱ्यांनी एकदा गवंड्याला विचारावं. केळीला घड लागला की बांबूचा टेकू देतात, तो केळीला नारळ व्हायला सांगत नाही. घड तिचा, झाड तिचं. टेकू फक्त वाऱ्याच्या दिवसांत तोल सांभाळतो.

‘पुष्टीकारक’वाल्या सहकाऱ्यांनाही उत्तर देणं भाग आहे. पुष् म्हणजे पोसणं. मराठीत पुष्टी म्हटलं की अंगाला मांस धरणं आठवतं, च्यवनप्राश आठवतो. “वृत्ताला पुष्टी मिळाली” हे ठीक, पण तिथे बातमी आधी संशयित असते आणि कोणीतरी पुरावा आणतो. माणसाची ओळख ही अशी संशयित बातमी आहे का? ‘लिंग’ आणि ‘पुष्टी’ शेजारी छापले तर एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीच आठवतील, हेही तुमच्या सहकाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही? हिंदी पत्रकांत हा शब्द चालतो, म्हणून मराठीत तो तसाच उचलायला हरकत नाही, हे मला पटत नाही.

मग माझा शब्द. ‘धृ’ मराठीत एका साध्या जागी रोज वावरतो: विषयाला धरून बोला. न्यायाला धरून वागा. रीतीला धरून आहे. ‘-ला धरून’. किती नेमकं! ‘ओळखीला धरून समुपदेशन.’ म्हणजे व्यक्तीने सांगितलेली ओळख हा आधार, बोलणं त्याच्यावर उभं. आणि उलट अर्थही मराठीने तयार ठेवलाय: ‘सोडून’. विषय सोडून बोलणं. ओळख सोडायला लावणारं जे काही ‘उपचार’ या नावाखाली चालतं, त्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. तुमच्या क्षेत्रात ‘अफर्मेटिव्ह’ हा शब्द १९८२ मध्ये अ‍ॅलन मॅलियन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने समलिंगी पुरुषांबद्दल लिहिताना वापरला, तेव्हा त्यानेही हेच म्हटलं होतं की ही काही निराळी उपचारपद्धत नाही. समलैंगिकतेला आजार समजणाऱ्या दृष्टीलाच हा विरोध आहे. पारलिंगी असण्याबाबत तो विरोध जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात उतरायला बराच काळ गेला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. पारलिंगी असणं हा मनाचा आजार नाही. नैराश्य येतं ते बरेचदा लोकांच्या वागण्यामुळे, आणि उपचार करायचे ते त्या नैराश्यावर.

‘धर’ आणि ‘सोड’ एकत्र आले की ‘धरसोड’ होते. खोलीत नवं नाव घ्यायचं आणि नोंदवहीत जुनंच लिहायचं, ही धरसोड. व्यक्तीला घरी अजून सांगायचं नसेल आणि तिनेच “आईसमोर जुन्या नावाने बोला” असं सांगितलं असेल, तर मात्र ती धरसोड नव्हे. तिथे तुम्ही तिच्या शब्दाला धरूनच असता. म्हणून विचारायचं: कोणत्या नावाने, कोणासमोर.

“जुनं नाव तोंडात बसलंय, आता कसं बदलणार?” असं आईबाप म्हणतात, तेव्हा मला आपल्या लग्नघरांची आठवण येते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचे आणि संध्याकाळपर्यंत अख्खं घर त्या नावाने हाका मारू लागायचं. वीस-बावीस वर्षं तोंडात बसलेलं माहेरचं नाव पुसायला आपल्याला एक दिवस पुरायचा. तेही तिने न मागता! इथे तर माणूस स्वतः नाव मागतोय. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२९ पारलिंगी आणि लिंगवैविध्य असलेल्या तरुणांना विचारलं होतं की त्यांनी निवडलेलं नाव घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांमध्ये वापरलं जातं का. या चारांपैकी आणखी एका ठिकाणी ते वापरलं जात असेल, तर आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि तशी कृती ५६ टक्क्यांनी कमी आढळली. एका हाकेचं हे वजन आहे.

तमिळनाडूने शब्दांचं हे वजन ओळखलं. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये एका समलिंगी जोडप्याच्या खटल्यात निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून विषय समजून घेतला, आणि त्या खटल्याच्या ओघातच २०२२ मध्ये राज्य सरकारने सन्मानाच्या तमिळ शब्दांची यादी राजपत्रात छापली. पारलिंगी स्त्रीला तिथे ‘तिरुनंगै’ म्हणतात आणि पारलिंगी पुरुषाला ‘तिरुनंबि’. त्यातला ‘तिरु’ म्हणजे आपला ‘श्री’. आपण मात्र प्रत्येकाला ‘तृतीयपंथी’ म्हणून मोकळे होतो. स्वतःला सरळ पुरुष म्हणवणाऱ्याला तिसऱ्या पंथात का ढकलायचं? ज्यांनी तो शब्द आपला मानलाय, त्यांच्यासाठी तो आहेच.

आणि ताई, इंग्रजीतली सर्वनामांची चर्चा जशीच्या तशी उचलू नका. तिथे फक्त ‘ही’, ‘शी’ की ‘दे’ एवढंच पाहावं लागतं. मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलतो त्या क्रियापदातच सगळं उघडं होतं. ‘मी आलो’ की ‘मी आले’. कित्येकांनी घरी पहिल्यांदा सांगितलं ते भाषण करून नव्हे, तर एके दिवशी ‘जेवलो’च्या जागी ‘जेवले’ म्हणून. तुमचे कान तिथे हवेत. मात्र कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी येतो’ म्हणतात, तेव्हा एका क्रियापदावरून निष्कर्षही काढू नका. ज्यांना दोन्ही रूपं नको असतात, त्यांच्यासाठी भाषेत वाटा आहेत. ‘तू आलास-आलीस’ टाळायचं तर ‘तुम्ही आलात’. ‘मी जेवलो-जेवले’ टाळायचं तर ‘मी जेवण केलं’. तिथे क्रियापद जेवणाच्या लिंगाने चालतं, जेवणाऱ्याच्या नाही. तसंच ‘मी चहा घेतला’, ‘मला झोप लागली नाही’. काहींना आदरार्थी ‘ते आले’ चालतं, काहींना नाही. नपुंसकलिंगी ‘ते आलं’ मात्र मोठ्या माणसाबद्दल चुकूनही नको. आणि आपला भविष्यकाळ पाहा! हिंदीत ‘आऊँगा’ की ‘आऊँगी’ हे ठरवावंच लागतं. मराठीत नुसतं ‘मी येईन’. तो येईल, ती येईल, तू येशील. लिंगाचा मागमूस नाही. घाबरत पहिला फोन करणारी व्यक्ती “उद्या चार वाजता येईन” एवढं बोलून, काहीही उघड न करता फोन ठेवू शकते.

पत्रकाचं राहिलंच. वर मोठ्या अक्षरात ‘तुमच्या ओळखीला धरून समुपदेशन’ छापा. कोणासाठी ते खाली साध्या शब्दांत: पारलिंगी, तृतीयपंथी आणि स्वतःच्या लिंगभावाबद्दल बोलू पाहणाऱ्या सर्वांसाठी. फोन नंबरच्या वर एक ओळ ठेवा: ‘कोणत्या नावाने हाक मारू, ते आधी सांगा.’ छापखान्यात देण्याआधी मजकूर पाठवलात तर ऱ्हस्व-दीर्घ बघून देईन.