‘स्पिरिटेड अवे’मधील भित्री चिहिरो धीट नेमकी कशामुळे होते?

हायाओ मियाझाकी यांच्या २००१ सालच्या या जपानी चित्रपटातील दहा वर्षांच्या चिहिरोला कोणतीही जादुई शक्ती मिळत नाही. तिला मिळते ते काम, आणि माझ्या मते तिच्या धिटाईचे मूळ तिथेच आहे. एका बोगद्यातून आत्म्यांच्या जगात शिरल्यावर तिच्या आईवडिलांची डुकरे होतात; मग ती तिथल्या युबाबा या चेटकिणीच्या स्नानगृहात नोकरी मागते, आपले नावही गमावून ‘सेन’ होते, आणि ज्या गलिच्छ पाहुण्याजवळ कोणी फिरकत नाही, त्याच्या अंगात रुतलेले सायकलचे हँडल तिच्याच हाताला लागते.

बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो तिच्या चालण्यात. बॉयलरच्या खोलीकडे जाणारा उभा जिना सुरुवातीला ती बसत, चाचपडत उतरते आणि एक पायरी तुटताच किंचाळत खाली धावत सुटते. पुढे तिला मदत करणाऱ्या हाकू या जखमी मुलाला वाचवण्यासाठी मात्र तीच मुलगी भिंतीवरच्या डुगडुगत्या पाइपवरून धावते. भीती गेलेली नसते, पण आता तिला स्वतःपेक्षा दुसऱ्याची काळजी अधिक असते.

गंमत म्हणजे शेवटी बोगद्यातून परतताना ती पूर्वीसारखीच आईच्या हाताला बिलगून चालते.