अथासवर पॅलाडिन का नाही?

प्रश्न : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक पात्रे साकारण्याच्या खेळाच्या मुख्य नियमांत असलेला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, आमच्या खेळप्रमुखांनी त्याच खेळातल्या ‘डार्क सन’ या काल्पनिक जगात नाकारला. हा खेळाडूंवर अन्याय नव्हे का?

उत्तर : माझ्या मते नाही. टीएसआर या प्रकाशक कंपनीने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या जगात, म्हणजे अथास या उजाड ग्रहावर, देवच नाहीत; तिथले धर्मोपदेशक पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांच्याकडून शक्ती मिळवतात, त्यामुळे दैवी कृपेवर उभ्या असलेल्या धर्मयोद्ध्याला आधारच उरत नाही. नोम, म्हणजे या खेळातली बुटक्या लोकांची एक जमात, तर तिथे नामशेषच झाले आहेत. जादूगार मात्र वगळलेला नाही, आणि या जगाची खरी कल्पकता मला तिथेच दिसते : त्याचा मंत्र भोवतालच्या वनस्पतींचे जीवन शोषतो, म्हणून उतावीळपणे शक्ती ओढणारा जमिनीची राख करतो, संयमी जादूगार तिला जपतो, आणि सामान्य लोक दोघांचाही सारखाच द्वेष करतात. अशी बंधने खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगायला हवीत, हे मात्र खरे. अन्यायाविरुद्ध लढणारेच पात्र आपल्याला हवे असेल, तर या जगातला ग्लॅडिएटर, म्हणजे आखाड्यात झुंजणारा योद्धा, निवडावा. गुलामगिरीवर पोसलेल्या तिथल्या नगरांत त्याला लढण्यासारखे पुष्कळ आहे.