डिपॉझिट थांबवा, आधी ‘ओव्हरसीज’ हा शब्द काढून घ्या

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: कुटुंब ऑगस्ट 2020 मध्ये पुण्याहून वर्क व्हिसावर इथे आलं. मुलीची ए-लेव्हल (बारावीच्या तोडीची परीक्षा) 2025 च्या उन्हाळ्यात झाली, निकाल ए-स्टार, ए, ए. त्या वेळी कुटुंबाकडे आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे फी परदेशी विद्यार्थ्यांच्या दराने पडली असती. म्हणून मुलीने वर्षभर थांबायचं ठरवलं. काही महिने रेडिंगमध्येच औषधांच्या दुकानात काम केलं, आजीच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा साडेतीन महिने कोथरूडला राहून आली. ऑक्टोबरमध्ये यूकॅसचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेचा, अर्ज भरला. जानेवारी 2026 मध्ये चौघांचीही आयएलआर मंजूर झाली. आता एका विद्यापीठाची अनकंडिशनल, म्हणजे निकालाची अट नसलेली, ऑफर हातात आहे. ऑफरच्या पत्रात लिहिलंय: फी स्टेटस ओव्हरसीज, वार्षिक फी 26,400 पौंड, वर्षाला 4,000 पौंडांची आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती, आणि जागा पक्की करायला 3,000 पौंड डिपॉझिट. बचत एकूण 68,000 पौंडांची: 41,000 दोघांच्या कॅश आयसामध्ये (इथलं करमुक्त बचत खातं), बाकी भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) ठेवीत. पुढच्या वर्षी घर घ्यायचा विचार आहे. धाकटा मुलगा इथल्या इयर टेनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नववीच्या आसपास.

प्रश्न दोन. डिपॉझिट लगेच भरून शिष्यवृत्ती पदरात पाडून घ्यावी का? आणि मुलीच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून तीन वर्षांची फी बचतीतूनच द्यावी का?

नमस्कार. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि पहिल्याचं फार ठामपणे नाही.

इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्याला जागा पक्की करण्यासाठी विद्यापीठं सहसा डिपॉझिट मागत नाहीत. तुमच्याकडे मागितलंय याचा अर्थ त्यांच्या नोंदीत तुमची मुलगी अजून परदेशी आहे. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरताना ते खरं होतं, तिने फॉर्मवर जे भरलं तेही बरोबरच होतं. पण जानेवारीत परिस्थिती बदलली आणि ते विद्यापीठाला कुणी कळवलं नाही. होम ऑफिस ते कळवत नाही, यूकॅसही आपणहून कळवत नाही. तो फोन आणि ती ईमेल तुमच्या मुलीनेच करायची आहे.

नियम काय बघतात ते सांगते. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी तारीख धरली जाते 1 सप्टेंबर. त्या दिवशी विद्यार्थी स्वतः ‘सेटल्ड’ हवा, म्हणजे आयएलआरसारखी कायम राहण्याची परवानगी त्याच्याकडे हवी, आणि त्याआधीची सलग तीन वर्षं त्याचं नेहमीचं वास्तव्य इथे असायला हवं. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत 1 सप्टेंबर 2023 ते 31 ऑगस्ट 2026. ती 2020 पासून इथे शाळेत आहे, तुमच्याबरोबर राहते, आणि आयएलआर तिच्या स्वतःच्या नावाने आहे. ‘स्वतः’ या शब्दावर मी जोर देते, कारण वडिलांना मिळाली म्हणजे मुलांना आपोआप लागू झाली असं धरून चालणारी घरं मी पाहिली आहेत. तुमच्या घरी चौघांची वेगवेगळी मंजुरी आली आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची आयएलआर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती. मुलगा तोवर विद्यापीठात दाखल झाला होता. कोर्स सुरू झाल्यावर मधेच सेटल्ड झालं तर फीचा दर सहसा बदलत नाही. त्या घराने तिन्ही वर्षं परदेशी फी भरली. तुमच्या मुलीने वर्षभर थांबायचा जो निर्णय घेतला, तो तुम्हाला पत्रात थोडा खुपलेला दिसतो, ‘वर्ष गेलं’ असं तुम्ही लिहिलंय. मी पैशांचा हिशेब करणारी बाई आहे, म्हणून त्या वर्षाची किंमत काढून दाखवते.

ओव्हरसीज दराने तीन वर्षांची फी 79,200. शिष्यवृत्तीचे 12,000 वजा केले तर 67,200 पौंड. होम, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांच्या, दराने 2026-27 ची फी 9,790 आहे. पुढच्या वर्षांत ती महागाईप्रमाणे थोडी चढेल, पण आजच्या दराने धरली तर तीन वर्षांचे 29,370. फरक 37,830 पौंडांचा. ज्या घरासाठी तुम्ही पै-पै जमवताय, त्याच्या डाउन पेमेंटएवढी रक्कम तुमच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीने एक वर्ष दम धरून वाचवली आहे. हे तिला सांगा, जरूर सांगा.

म्हणून ती 4,000 ची शिष्यवृत्ती गेली तर जाऊ द्या. ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीच असते, होम स्टेटस मिळालं की बहुतेक रद्द होईल.

आता काम. मुलीने ॲडमिशन ऑफिसला लिहावं की अर्जानंतर आपली इमिग्रेशन स्थिती बदलली आहे आणि फी असेसमेंट पुन्हा करून हवं आहे. बहुतेक विद्यापीठं एक प्रश्नावली पाठवतात. सोबत तिच्या ई-व्हिसाचा शेअर कोड (ज्याने तिची स्थिती ऑनलाइन तपासता येते), शाळेचं पत्र (कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकत होती), तुमचे पी-60 (वर्षभराच्या पगाराचे आणि कराचे दाखले), काउन्सिल टॅक्सची बिलं, घराचा भाडेकरार. प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास असतो: गेल्या तीन वर्षांत देशाबाहेर किती काळ होता आणि का? इथे कोथरूडचे साडेतीन महिने लपवू नका. तात्पुरतं जाणं-येणं चालतं, नेहमीचं घर इथे असलं की पुरे. आजीच्या ऑपरेशनचा कागद, जाण्या-येण्याची विमान तिकिटं, त्याआधी आणि नंतरच्या औषधांच्या दुकानातल्या पगाराच्या स्लिपा जोडा. एका ओळीत लिहा: आजीच्या आजारपणासाठी गेले, परत येऊन त्याच कामावर रुजू झाले. एवढं स्वच्छ लिहिलेलं असलं की पुढे प्रश्न वाढत नाहीत. अडलंच तर यूकेसीआयएसए ही संस्था फी स्टेटसचे नियम नीट समजावून सांगते, तिचं मार्गदर्शन वाचा.

तोवर ऑफरला ‘फर्म’ करू नका, म्हणजे पहिली पसंती म्हणून स्वीकारू नका. निकाल आधीच हातात असल्यामुळे ऑफर अनकंडिशनल आली, हे तुमचं बळ आहे, पण त्याला एक अट चिकटलेली असते: अनकंडिशनल ऑफर फर्म केली की इन्शुरन्सची, म्हणजे राखीव, दुसरी जागा ठेवता येत नाही. ए-लेव्हलच्या निकालाची वाट बघणारी मुलं दोन दगडांवर पाय ठेवू शकतात, तुमच्या मुलीला तसं करता येणार नाही. म्हणून फीचा आकडा लेखी बदलून आल्यावरच होकार द्यायचा. दुसऱ्या विद्यापीठांची उत्तरं अजून यायची असतील तर तीही येऊ द्या, आणि त्यांनाही आजच नवी स्थिती कळवा. डिपॉझिटची तारीख डोक्यावर असेल तर मुदत वाढवून मागा, फी असेसमेंट चालू आहे हे कारण पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यामागे आपल्याकडची शिकवण आहे. ऋण काढून सण करू नये हे आपण लहानपणापासून ऐकलंय, आणि बँकेतून घेतलेल्या कर्जाच्या बाबतीत ते मी रोज लोकांना सांगते. पण इंग्लंडमधलं सरकारी विद्यार्थी कर्ज भारतातल्या शैक्षणिक कर्जासारखं नाही. तिथे मोठ्या रकमेला बहुतेकदा घर किंवा ठेव तारण लागते, वडील सहसा सहकर्जदार असतात, मुलाला नोकरी लागो न लागो हप्ता सुरू होतो. इथे तारण नाही, जामीन नाही, तुमची सहीसुद्धा कर्जावर नाही. तुम्ही फक्त उत्पन्नाचा तपशील द्यायचा.

ऑगस्ट 2023 पासून इंग्लंडमध्ये शिक्षण सुरू करणाऱ्यांना परतफेडीचा ‘प्लॅन 5’ लागू आहे. वर्षाला 25,000 पौंडांच्या वर जेवढा पगार असेल, त्या वरच्या भागाच्या 9 टक्के कापले जातात. मुलगी 32,000 वर लागली तर 7,000 चे 9 टक्के, म्हणजे वर्षाला 630, महिन्याला साडेबावन्न पौंड. नोकरी सुटली, मूल झालं म्हणून घरी राहिली, पगार खाली गेला, तर कपात थांबते. 40 वर्षांनी जे उरेल ते माफ. व्याज फक्त आरपीआय महागाईएवढं, 2025-26 साठी 3.2 टक्के. क्रेडिट फाइलवर ते दिसत नाही. गृहकर्जाच्या वेळी बँक महिन्याची कपात विचारात घेते, तेवढंच. आणि एका पैशाचाही दंड न भरता ते कधीही फेडता येतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या सल्ल्याचा कणा आहे. आज फी रोख भरली तर तो पैसा परत मिळणार नाही. आज कर्ज घेतलं आणि पाच वर्षांनी वाटलं की मुलगी चांगली कमावते, हे कर्ज निल करून टाकू, तर तेव्हा करता येईल. आधी भरण्यात तुमचा काय फायदा? व्याज महागाईएवढंच असेल तर जवळजवळ काहीच नाही. तोटा मात्र मोठा: घराचं डाउन पेमेंट हातचं जाईल, आणि तीन वर्षांनी मुलाची पाळी येईल तेव्हा खिसा रिकामा असेल. घराच्या कर्जाचं व्याज या कर्जापेक्षा महाग असतं आणि ते कुणी माफ करत नाही. जिथे महाग कर्ज आहे तिथे रोख पैसा घाला.

एक अपवाद सांगते. मुलगी शिकून भारतात किंवा दुसऱ्या देशात जाणार असेल तर कर्ज सुटत नाही. त्या त्या देशासाठी वेगळी उत्पन्नमर्यादा ठरलेली असते, भारतासाठी ती बरीच खाली आहे. तसा बेत पक्का असेल तर मला पुन्हा लिहा.

आता राहण्या-खाण्याचा खर्च. तुमचा 74,000 पगार आणि पत्नीचं अर्धवेळ काम मिळून मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्या-खाण्यासाठीचं सरकारी कर्ज, किमान दराचंच मिळेल. घराबाहेर, लंडनबाहेर राहणाऱ्यांसाठी 2025-26 मध्ये जास्तीत जास्त 10,544 आणि किमान 4,915 होतं, 2026-27 मध्ये थोडं वाढेल. मुलीच्या गॅप वर्षाच्या कमाईने ते कमी होत नाही, ही भीती काढून टाका. उलट, वर्षभर कमावलं म्हणून ती ‘स्वतंत्र विद्यार्थी’ही ठरत नाही, उत्पन्न तुमचंच बघतात, आणि तेही 2024-25 चं.

तुम्ही हॉस्टेलचं भाडं आठवड्याला 178 पौंड लिहिलंय. 42 आठवड्यांचे 7,476. जेवण, फोन, प्रवास धरून आठवड्याला 90 पकडले तर आणखी 3,780. एकूण 11,256. किमान मेंटेनन्स लोन वजा जाता वर्षाला 6,300 च्या आसपास तुमच्या खिशातून, तीन वर्षांचे 19,000. हा खरा भार आहे, आणि तो एनआरई ठेवीतून उचला. आयसाला हात लावू नका, ते घराचे पैसे.

एनआरईबद्दल दोन गोष्टी. 2020 मध्ये तुम्ही आलात तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, आता 120 च्या वर आहे. जो खर्च पौंडात होणार आहे तो पैसा रुपयात ठेवून व्याजाचा आनंद मानण्यात अर्थ नाही. ठेव जशी पिकेल तशी पहिल्या वर्षाची रक्कम आणून ठेवा. दुसरं, एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे. एप्रिल 2025 पासून नियम बदलले, आणि तुम्ही चार वर्षांपेक्षा जास्त इथे आहात, तेव्हा नवीन आलेल्यांची सवलत तुम्हाला नाही. सेल्फ असेसमेंटमध्ये (स्वतः भरायच्या टॅक्स रिटर्नमध्ये) दाखवत नसाल तर या महिन्यातच अकाउंटंटला भेटा.

मुलीने साठवलेल्या 7,200 पैकी 4,000 लाइफटाइम आयसामध्ये 5 एप्रिलच्या आत टाकता येतील. सरकार 25 टक्के, म्हणजे 1,000 भर घालतं, पण ते पहिल्या घरासाठी किंवा साठीनंतरच काढायचे, मधे काढले तर दंड बसतो. हॉस्टेलसाठी ते मोडायची वेळ येईल असं वाटत असेल तर टाकू नका. उरलेले 3,200 तिच्याच खात्यात राहू द्या. पहिल्या वर्षी गादी, भांडी, सायकल हे सगळं तिला स्वतःच्या पैशातून घ्यायला आवडेल.

स्टुडंट फायनान्सचा, म्हणजे या सरकारी कर्जांचा, अर्ज मेच्या मध्याच्या आत ऑनलाइन भरा. जागा पक्की झाली नसली तरी चालतं, नंतर विद्यापीठाचं नाव बदलता येतं. तिथेही शेअर कोड लागेल आणि गेल्या तीन वर्षांचे पत्ते विचारतील, तेव्हा विद्यापीठाला पाठवलेलीच कागदपत्रं आणि त्याच तारखा वापरा. दोन ठिकाणी दोन तारखा गेल्या तर ऑगस्टमध्ये धावपळ होते. पण आधी ती ईमेल. आज संध्याकाळी मुलीला शेजारी बसवून लिहा, आणि विद्यापीठाचं उत्तर आलं की मला कळवा.