पापाला कलम लावता येते का?

गेल्या अंकात उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याची ओळख करून दिली होती. त्यातल्या लिव्ह-इन नोंदणीच्या सक्तीवर ख्रिस्ती वाचकांची, आणि काही बिगरख्रिस्ती वाचकांचीही, बरीच पत्रे आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. विनंतीप्रमाणे नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : लग्नाशिवाय एकत्र राहणे आमच्या श्रद्धेत पाप आहे. सरकार त्याला लगाम घालत असेल तर चर्चने त्याचे स्वागतच करायला हवे ना? आमच्या तरुण मंडळात यावरून दोन तट पडले आहेत. – वाचक, वडगाव शेरी

उत्तर : शरीरसंबंध लग्नातच असावा, ही चर्चची परंपरागत शिकवण स्पष्ट आहे. तिच्यात पळवाट शोधण्याची गरज नाही. वाद खरा पुढच्या पायरीवर आहे : जे पाप, ते गुन्हाही असावे का?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा. तिथल्या मंडळीतल्या एकाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवला होता. पौल कडक शब्दांत सांगतो, त्याला मंडळीतून काढा. पण त्याला रोमी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करा, असे तो कुठेही म्हणत नाही. उलट अध्यायाच्या शेवटी, बाराव्या-तेराव्या वचनांत, बाहेरच्यांचा न्याय करणे आपल्याकडे नाही, तो देव करील, असे लिहितो. मंडळीच्या हातात सभासदत्व आहे, तुरुंग नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने हाच प्रश्न थेट विचारला : माणसाच्या कायद्याने सगळे दुर्गुण बंद करावेत का? त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. कायदा सगळ्यांसाठी असतो आणि बहुतेक माणसे सद्गुणात पक्की नसतात. म्हणून कायद्याने फक्त मोठे अपराध रोखावेत, त्यातही मुख्यतः दुसऱ्याला इजा करणारे, ज्यांना मोकळीक दिली तर समाजच टिकणार नाही, जसे खून आणि चोरी. कच्च्या माणसावर न पेलणारा नियम लादला तर तो नियमही मोडतो आणि आणखी वाईटाकडे वळतो, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी तो नीतिसूत्रांतला दाखला देतो : नाक पिळले की रक्त निघते. अमेरिकेत चर्चच्या पुढाकाराने आलेली दारूबंदी १९२० ते १९३३ टिकली आणि दारू तेवढी चोरट्यांच्या हाती गेली. आपल्याकडे दारूबंदीने हातभट्ट्या कशा वाढवल्या, ते जुन्या मुंबई राज्यातल्या माणसांना सांगायला नको.

आता उत्तराखंडचा २०२४ चा कायदा घ्या. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते आणि अशा संबंधातून झालेले मूल कायदेशीर धरले जाते. या दोन तरतुदी दुर्बळाचे रक्षण करतात, त्यांचे स्वागत जरूर करा. पण महिनाभरात नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, नोंदीची माहिती पोलीस ठाण्याला, आणि दोघांपैकी एकाचेही वय २१ पेक्षा कमी असेल तर आईवडिलांना कळवणे, या तरतुदी वेगळ्या जातीच्या आहेत. एकोणीस वर्षांची सज्ञान मुलगी परजातीतल्या मुलाबरोबर राहते आणि निबंधकाचे पत्र तिच्या घरी जाऊन पडते, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. या भीतीतून शुद्धता येत नाही, लपवाछपवी येते. आणि जे नोंदणी करतील त्यांच्या हाती सरकारी कागद पडेल. चर्च ज्याला पाप म्हणते त्याचा जणू परवाना. यात चर्चने स्वागत करावे असे आम्हाला काही दिसत नाही.

प्रश्न : माणसाची इच्छा पापाची गुलाम आहे, असे प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीन आणि प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर दोघेही म्हणतात. मग गुलामाला बाहेरून थोडी सक्ती केली तर बिघडले काय? – वाचक, खडकी

उत्तर : प्रश्न चांगला आहे, कारण तो 'देवाने इच्छास्वातंत्र्य दिले आहे' एवढ्यावर सुटत नाही. कॅथलिक विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. ल्यूथरने पुढच्याच वर्षी तिचे खंडन केले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये सांगितले की आदामाच्या पतनाने इच्छा दुबळी झाली, नष्ट झाली नाही. मतभेद खोल आहेत. पण ही बेडी कोण तोडतो, यावर दोन्हीकडचे उत्तर एकच आहे : देवाची कृपा. फौजदाराच्या दंडुक्याने मन मोकळे होते असे ल्यूथरही म्हणत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू व्यभिचार नजरेतच धरतो, आणि नजरेवर पंचनामा होत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की ऑगस्टीनने उतारवयात चर्चपासून फुटलेल्या डोनेटिस्ट पंथाविरुद्ध सरकारी सक्तीचे समर्थन केले. आधार घेतला लूकच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीचा, जिथे धनी चाकराला सांगतो, रस्त्यावरच्या लोकांना भाग पाडून आत आण. आमच्या मते ही त्याची मोठी चूक होती आणि चर्चने ती शतकानुशतके गिरवली. गोष्ट जेवणाची आहे. पंगतीत आग्रह करतात, पकडून आणून बसवत नाहीत. कॅथलिक चर्चने ७ डिसेंबर १९६५ च्या जाहीरनाम्यात श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती नको, हे अधिकृतपणे मांडले. त्याच्या कितीतरी आधी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर आपल्या धर्मभगिनींना पत्रांतून ठणकावले होते की ख्रिस्त स्वीकारला म्हणून सद्सद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केलेली नाही.

प्रश्न : १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला मिशनऱ्यांनी पाठिंबा दिला होता. आता मात्र 'सरकारने नीती लादू नये' असे तुम्ही म्हणता. हा दुटप्पीपणा नाही का? – वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पाठिंबा होता, अनेक मिशनऱ्यांचा होता. त्यात दुटप्पीपणा का नाही, हे नीट पाहू.

तो कायदा कुणाच्या सद्गुणासाठी नव्हता. कलकत्त्याची फुलमणी दहा-अकरा वर्षांची होती. १८८९ मध्ये नवऱ्याच्या संभोगात झालेल्या जखमांनी ती मेली. तेव्हाची वयोमर्यादा दहा असल्याने त्याच्यावर बलात्काराचे कलम लागूच शकले नाही. नव्या कायद्याने मर्यादा बारा केली, एवढेच. पुण्यात टिळकांचा आक्षेप होता की परक्या सरकारने कायद्याने सुधारणा करू नये, लोकांनी आपण होऊन करावी. त्यांनी मुलींचे लग्न सोळाच्या आणि मुलांचे विसाच्या आत करू नये, अशी स्वेच्छेची योजनाही मांडली होती. सज्ञान माणसाच्या स्वतःच्या आचरणापुरते हे तत्त्व ख्रिस्ती माणसाला मान्यच व्हावे. पण इथे दुसऱ्याच्या शरीराचा प्रश्न होता. फुलमणीच्या इच्छेला कुणी विचारले? तिथे कायदा हवाच होता, आणि बारा ही मर्यादाही लाजिरवाणी कमी होती.

याच काळातले दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे, आणि ते पुण्याच्या कॅम्पात राहणाऱ्यांनी तरी माहीत करून घ्यावे. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी सुरू केली. रोग आढळला की स्त्रीला विशेष इस्पितळात अडकवून ठेवत. हेतू एवढाच की गोरे शिपाई आजारी पडू नयेत. शिपायांवर मात्र असले काही बंधन नव्हते. इंग्लंडमधल्या अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर या अँग्लिकन धर्मगुरूच्या पत्नीने १८६९ पासून लढा दिला. देहविक्रय पाप आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तरीही सरकारी दंडुका त्या बाईच्या अंगावरून काढा, हीच तिची मागणी होती. इंग्लंडमधले कायदे १८८६ मध्ये आणि इथला १८८८ मध्ये रद्द झाला. छावण्यांत तपासणी पुढेही चालूच राहिली. १८९२ मध्ये दोन अमेरिकन ख्रिस्ती स्त्रियांनी, अँड्र्यू आणि बुशनेल यांनी, उत्तरेतल्या छावण्यांत फिरून ते उघडकीस आणले.

मुलीच्या बाजूने कायदा मागणे आणि त्या बायकांवरचा कायदा हटवणे, दोन्हीकडे कसोटी एकच होती : जबरदस्ती कुणावर होते आहे?

प्रश्न : समलिंगी संबंधांवरचे ३७७ कलम जाऊ नये अशी चर्चची भूमिका होती ना? – वाचक, पिंपरी

उत्तर : सगळ्या चर्चची नव्हती. काही ख्रिस्ती संघटना सर्वोच्च न्यायालयात कलमाच्या बाजूने उभ्या राहिल्या, हे खरे. पण मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्येच सांगितले होते की चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही. सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सप्टेंबर २०१८ मध्ये गेले. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये पाप आणि गुन्हा यांतला फरक करा, असे याच विषयावर स्पष्ट म्हटले. चर्चची लग्नाबद्दलची शिकवण त्याने बदललेली नाही.

प्रश्न : माझी भाची वीस वर्षांची, मुलगा तेवीसचा. तिला दिवस गेले आहेत. दोन्ही घरांना पंधरा दिवसांत चर्चमध्ये लग्न उरकायचे आहे आणि फादर 'थांबा' म्हणतात. अब्रूचा प्रश्न आहे हो. – एक मावशी, घोरपडी

उत्तर : मावशी, फादरांचे ऐका. कॅथलिक धर्मनियमांतला ११०३ वा नियम लक्षात ठेवा, कारण घाईत नेमका तोच विसरला जातो : दबावाखाली किंवा मोठ्या भीतीपोटी दिलेली संमती लग्न घडवत नाही. फुले, केक, हॉल सगळे झाले तरी ते लग्न झालेले नसते.

क्रम असा ठेवा. आधी भाचीला डॉक्टरकडे न्या आणि तिला डॉक्टरशी एकटीने बोलू द्या. मग तिला एकटीला विचारा : दिवस गेले नसते तर याच्याशी लग्न केले असतेस का? घरातली पुरुष मंडळी त्या वेळी खोलीत नकोत. उत्तर मनापासून 'हो' असेल तर कागद गोळा करा. दोघांचेही बाप्तिस्म्याचे दाखले गेल्या सहा महिन्यांत नव्याने काढलेले लागतात. जुना दाखला चालत नाही, कारण आधी लग्न झाले असल्यास त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत केलेली असते. त्यानंतर विवाहपूर्व शिबिर, आणि चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा. फादर वधूवरांची वेगवेगळी चौकशी करतात. कुणाचा दबाव आहे का, हा त्यातला खरा प्रश्न. भाचीला आधीच सांगून ठेवा की तिथे 'नाही' म्हणायचीही मोकळीक आहे. घोषणेतून सूट बिशप देऊ शकतात, संमतीतून सूट कुणालाच देता येत नाही.

भीतीपोटी 'हो' म्हटले की पुढे दोन दारे ठोठवावी लागतात. चर्चच्या न्यायमंडळाने लग्न रद्दबातल ठरवले तरी दिवाणी कायद्यात ते चालत नाही. तिथे १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो. त्या कायद्यात पत्नीला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे, पतीला मात्र नुसता व्यभिचार पुरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ती अट काढली आणि २००१ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आला. तोवर सुटका हवी असलेली जोडपी एकमेकांवर चिखलफेक करत राहिली. सरकारने लग्न टिकवायला घातलेल्या अटीने खोटेपणा वाढला.

अशाच प्रसंगात मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र सगळे वेगळे. ते पॉक्सोखाली येते, तिची संमती ग्राह्य नाही, आणि माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चर्चच्या कमिटीने 'आपसात मिटवू' म्हणणे हा त्या मुलीवर दुसरा अन्याय आहे. मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकाला फोन करा.

प्रश्न : लग्न न झालेल्या आईच्या बाळाचा बाप्तिस्मा होतो का? नोंदीत बापाचे नाव काय लिहितात? – वाचक, नाना पेठ

उत्तर : होतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाची संमती आणि बाळ श्रद्धेत वाढेल अशी वाजवी आशा, एवढे पुरते. आईचे लग्न झाले आहे का, ही अट नाही. धर्मपिता किंवा धर्ममाता एक असली तरी चालते, ती साधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झालेली आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) घेतलेली हवी.

नोंदवहीत आईचे नाव तिचे मातृत्व जाहीरपणे माहीत असेल तर, किंवा तिने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर मागणी केली तर लिहितात. बापाचे नाव सरकारी दस्तऐवजाने सिद्ध असेल, किंवा त्याने स्वतः धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर कबुली दिली असेल, तरच चढते. तसे नसेल तर बाळाचे नाव लिहितात आणि बापाचा रकाना रिकामा ठेवतात. त्या रकान्यात किंवा समासात कुठलाही शेरा मारायचा नसतो. कुणी मारला असेल तर तो दुरुस्त करून मागा, आणि नवा दाखला हातात पडल्यावर तो रकाना स्वतः वाचून पाहा.