मशीन नसताना वखारीतली कच्ची फळी हाताने चौरस (म्हणजे बाजू सपाट, कडा काटकोनात) करता येते का? कोणता रंधा घ्यावा?

येते. उलट नुसती मशीनवर दिली तर होईलच असं नाही, म्हणून लिहितोय.

गावचं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या दाराच्या सागवानी फळ्या मी कळव्याला आणल्या, देव्हारा करायला. थोरला भाऊ म्हणाला, "कशाला घाम गाळतोस? मशीनवर दे." मी कामावर असताना त्याने दोन फळ्या परस्पर देऊनही टाकल्या. आल्या त्या गुळगुळीत, जाडी सगळीकडे सारखी. पण फरशीवर ठेवल्या की डुगडुगायच्या. पीळ होता तसाच! थिकनेस प्लेनरचे, म्हणजे जाडी सारखी करणाऱ्या त्या मशीनचे, रोलर फळी दाबून धरतात, पातं वरून फिरतं, दाब सुटला की फळी पुन्हा आपल्या वळणावर. भाऊ आजही म्हणतो, लाकूडच खराब होतं. मुळीच नव्हतं. त्याच फळ्यांचा पीळ मी नंतर गॅलरीत रंध्याने काढला.

दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि वाकून एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. पलीकडच्या पट्टीचं डावं टोक वर दिसलं, तर तो कोपरा आणि अलीकडचा उजवा कोपरा उंच आहे. रंधा आधी तिथेच, तिरका. सगळीकडे मारत सुटलात तर फळी पातळ होते, पीळ जात नाही. पट्ट्या जुळल्या की लाकडाच्या रेघांच्या दिशेने साफ करा. ही बाजू पक्की, पुढचं सगळं तिच्यावरून: गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून एक कड, मार्किंग गेजने (कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मारायचं हत्यार) चहूकडे जाडीची रेघ, रेघेपर्यंत दुसरी बाजू, मग उरलेली कड. टोकं शेवटी कापा.

रंधा पाच नंबरचा, म्हणजे 14 इंची घ्या. सागवान धार फार लवकर खातं, त्यामुळे नंबरपेक्षा पातं निसण्याकडे, धार लावण्याकडे लक्ष द्या. लाकूड जुनं असेल तर आधी लोहचुंबक फिरवा, एका खिळ्याने पातं जातं.

हां, दहा-बारा फळ्या असतील तर एक बाजू हाताने सपाट करा, ती खाली ठेवून मशीनमधून खुशाल काढा. त्याला माझी हरकत नाही. आणि वखारीतलं लाकूड ओलसर असेल तर पावसाळ्यात हातच लावू नका. मध्ये पट्ट्या घालून घरातच रचून ठेवा, दोन्ही अंगांना वारा लागू दे. नाहीतर आज चौरस केलेली फळी दिवाळीपर्यंत परत वाकते.