समोर इतके पर्याय असताना आपली जागा नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

बीकॉम झालंय, वय 24, समोर एमपीएससी, बँकेच्या परीक्षा, डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स आणि काकांचं हार्डवेअरचं दुकान. यातलं आपलं कुठलं, असं तुम्ही विचारलंय. मनाचा कौल घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतील. मनाला ज्या कामाचा वाससुद्धा माहीत नाही, त्यावर ते कौल काय देणार?

मी कोल्हापूरचा. टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कापून गोल भाग बनवणारा. दहावीला बरे मार्क होते, अकरावी सायन्सला कुठेही प्रवेश मिळाला असता, आणि मी आयटीआयचा फॉर्म भरला. आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, शिक्षक. ते भर बैठकीत म्हणाले, "नापास पोरांची सोय हाय ती. तुला कशाला?" वडील गप्प बसले. घरात तात्यांपुढे बोलायची पद्धत नव्हती.

त्याच्या आधीच्या सुट्टीत मी उद्यमनगरात एका शेडमध्ये जात होतो. काम म्हणजे झाडलोट, चहा आणणे आणि कापलेल्या धातूच्या चिप्स भरून बाहेर टाकणे. तिथले मिस्त्री एकदा बिडाच्या पुलीला बोअर, म्हणजे मधलं गोल भोक, मारत होते, 50 मिलिमीटर, एच-7 मापाचं. म्हणजे वर 25 मायक्रॉनची मुभा आणि खाली शून्य. केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा. फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, जॉब (ज्यावर काम चाललंय तो भाग) धरून, मापाचा डायल लावून, एकेक जॉ सैल-घट्ट करत त्यांनी तो ट्रू केला, म्हणजे बरोबर मध्यावर आणला. काटा हलायचा थांबेपर्यंत शेडमध्ये कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. मग दोन-तीन कट घेतले आणि शेवटचा कट राहिलेला असताना मशीन बंद करून खुशाल चहा प्यायला बसले. मालक ओरडत होता, गिऱ्हाईक दारात उभं होतं. मिस्त्री म्हणाले, "गार हू दे. गरम जॉब खोटं बोलतंय."

हे खरं आहे. तीसेक अंशांनी तापलेल्या बिडात 50 मिलिमीटरचं बोअर पंधराएक मायक्रॉन मोठं दिसतं. तुम्ही माप बरोबर आलं म्हणून जॉब उतरवता, तो गार होतो आणि शाफ्ट आत जात नाही. मग पुन्हा चकवर चढवा, पुन्हा डायल, पुन्हा सगळी मांडामांड. हे मिस्त्रींनी मला चहाच्या कपाआडून सांगितलं. त्यांचं शिक्षण सातवी. पण ते रजेवर गेले की मालक त्यांच्या हातचे जॉब बाजूला काढून ठेवायचा, दुसऱ्या कुणाला देत नसे. मला काय हवंय ते तिथं कळलं. लेथची फार आवड वगैरे होती असं नाही, ती पुढे लागली. मला हवं होतं ते असं काही, की मी नसेन तर काम अडेल.

म्हणून माझं उत्तर: जागा आधी ठरवून सापडत नाही. एके ठिकाणी इतकं टिकावं लागतं की चार लोकांचं आपल्यावाचून अडायला लागतं. चार पर्याय घेऊन घरी बसलेल्या माणसावाचून कुणाचंच अडत नाही. ते बसणं म्हणजे बिनपगारी नोकरी आहे, एवढंच.

पुढेही फाटे फुटलेच. अ‍ॅप्रेंटिस संपल्यावर रेल्वेचा फॉर्म भर म्हणून तात्या मागे लागले. आखातात पाठवणारे एजंट भेटले. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत होता. मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, शिकलो, शिरोलीच्या एमआयडीसीत राहिलो आणि आता तिथंच पोरांना मशीनचं सेटिंग शिकवतो. गेल्या दिवाळीत तात्यांच्या पंपाची स्लीव्ह (आतला नळीसारखा भाग) झिजली. बाजारात ती मिळेना, तेव्हा माझ्याकडे आले. मी करून दिली. ती हातात फिरवून बघत म्हणाले, "बेस झालंय. पण ह्याला शिक्षण लागत न्हाई, सराव लागतो." तात्या, तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहितो: चाळीस वर्षं तेच धडे शिकवले तो तुमचाही सरावच होता. त्याला पेन्शन मिळते म्हणून तो शिक्षण झाला का?

असो. तुमचं बघू. पर्यायांची तुलना करण्याआधी कुठलं दार आधी बंद होतं ते बघा. आयबीपीएसला, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेला, क्लार्कसाठी 28 आणि पीओ म्हणजे अधिकाऱ्यासाठी 30 ही खुल्या गटाची वयाची मर्यादा, एमपीएससीच्या राज्यसेवेला 38. म्हणजे बँक आधी. आणि 38 पर्यंत बसता येतं म्हणून 38 पर्यंत बसायचं नसतं, पुण्यात पेठेपेठेत तशी माणसं दिसतील. डेटाच्या कोर्सला मोठी फी भरण्याआधी दुकानाचा वर्षभराचा स्टॉक एक्सेलमध्ये मांडून बघा. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर फी वाचली.

हेही सांगायला हवं की आमचं घर स्वतःचं होतं, अंगावर कर्ज नव्हतं, म्हणून अ‍ॅप्रेंटिसच्या तुटपुंज्या स्टायपेंडवर मला दिवस काढता आले. ज्याच्या घरात पहिल्या महिन्यापासून पैसा यायला हवा, त्याने माझं ऐकू नये, जे मिळेल ते धरावं. आणि माझा चुलतभाऊ, तात्यांचाच मुलगा, इंजिनीअरिंग करून बँकेत लागला आणि मजेत आहे. त्यामुळे तात्यांचं सगळंच चुकलं असंही नाही.

राहिलं दुकान. तिथं हिस्सा मिळणार की पगार, हे काकांना आधी विचारा. एकट्यात नको, चार नातेवाइकांच्या समोर विचारा. आणि "आपल्या घरचंच आहे की" असं उत्तर आलं, तर बँकेचा फॉर्म त्याच रात्री भरा.