टू-ए नव्हे, फोर-ए

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा तुमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा कुणीतरी तुझं कॉलेज विचारलं. आईने ‘डी अँझा’ एवढंच पुटपुटून घाईघाईने आमटी वाढायला घेतली, आणि तूही मान खाली घातलीस. का, तर ते कम्युनिटी कॉलेज: दोन वर्षं तिथे शिकून मग विद्यापीठात जायचं. क्यूपर्टिनोतल्या आपल्या मंडळींना बर्कलीखेरीज काही दिसत नाही, हे काय मला नवीन आहे? मानवी जीनोमवाले क्रेग व्हेंटर इथल्याच सॅन मटेओच्या कम्युनिटी कॉलेजातून पुढे गेले. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या कम्युनिटी कॉलेजात शिकली. ही नावं आईसाठी लिहिली. तुझ्याशी वेगळं बोलायचंय, तुझ्या फिजिक्सबद्दल.

तुमच्याकडे फिजिक्सच्या दोन वाटा आहेत. टू-ए पासून सुरू होणारी कोर्सांची मालिका कॅल्क्युलसशिवाय चालते. ती मेडिकल वगैरेकडे जाणाऱ्यांची. ग्रेड सांभाळायला सोपी म्हणून तिकडे वळू नकोस. फिजिक्सचीच पदवी हवी असेल तर फोर-ए ते फोर-डी, ओळीने चार क्वार्टर, म्हणजे सुमारे तीन-तीन महिन्यांची सत्रं. मधली एक हुकली की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. सोबत मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा. कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरला जातो ते ‘असिस्ट’ या साइटवर दिसतं. काउन्सेलरकडे जाण्याआधी ते स्वतः बघ. यूसीच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, सहा कॅम्पसांपैकी कुठल्याही एकाला प्रवेशाच्या हमीसाठी अर्ज करता येतो, त्या सहांत डेव्हिस आणि सांताक्रूझ आहेत. बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो नाहीत. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या शरदातच जातो, म्हणजे तुझं पहिलंच वर्ष मोजलं जाणार.

आता नोकरीचं. फक्त बी.एस.वर ‘फिजिसिस्ट’ अशी पाटी सहसा कुणी देत नाही. मी इतकी वर्षं चिपच्या कारखान्यात काढली, माझ्याही दारावर ती कधी नव्हती. एकदा मुलाखतीला दोन मुलं आली. एकाने मॅक्सवेलची समीकरणं फळ्यावर सुरेख मांडली. दुसरा कम्युनिटी कॉलेजातून आलेला. त्याला विचारलं, व्हॅक्यूम चेंबरमधलं प्रेशर खाली येत नाही, काय करशील? तो म्हणाला, आधी ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, बघेन, मग जोडांवर हेलियमचा बारीक फवारा मारेन. गळती असेल तिथून हेलियम आत शिरतो आणि चेंबरला जोडलेला डिटेक्टर ओरडतो. घेतला त्याला! (पहिला पुढे पीएच.डी.ला गेला, त्याचंही काही वाईट झालं नाही.)

म्हणून लॅबमध्ये आकडे लिहून घेणारी होऊ नकोस, सोल्डरिंग गन हातात घे, ऑसिलोस्कोप लाव. पायथनही शीक.

कर्करोगाच्या रेडिएशनमध्ये डोसचा हिशेब तपासणारे मेडिकल फिजिसिस्ट असतात. चांगलं काम आहे, पण एम.एस. किंवा पीएच.डी., मग रेसिडेन्सी, मग बोर्डाच्या परीक्षा, एवढा पल्ला आहे. पीएच.डी.चा खर्च मात्र घरच्यांवर पडत नाही. फिजिक्समध्ये बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. बाबांना हे सांग, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

राहिला उन्हाळा. ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत खास कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी दहा आठवड्यांची पगारी इंटर्नशिप असते. पण त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. तुमचं कुठवर आलंय ते बाबांना विचारून कळव. नसेल झालं, तर तुमच्या प्राध्यापकांकडे लॅबमध्ये काही करता येईल का ते आत्ताच विचारायला लागेल.

तुझी,
मावशी